सैल झालेली बाज

महागाव तालुक्यात, पूस नदीच्या काठच्या एका गावात एक बाई होती. सगळं गाव तिला काकू म्हणायचं. काकूंच्या घरात तीन गोष्टी बोलल्या जात नसत: सावकाराचं देणं, धाकट्या दिराची दारू आणि बाईमाणसाच्या अंगावरचं दुखणं. पहिल्या दोन निदान भांडणात तरी बाहेर पडत. तिसरी कधीच नाही.

काकूंची चारही बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातची. सव्वा महिना बाजेवर राहायचं, शेक घ्यायचा, जड उचलायचं नाही, हा रिवाज पहिल्या खेपेला पाळला गेला. चौथ्या खेपेला शेतात कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी काकू ओटी बांधून शेतात उभ्या राहिल्या. संध्याकाळी कापसाचं गाठोडं डोक्यावर, घरी आल्यावर विहिरीचे दोन हंडे. अशी काही वर्षं गेली आणि एका दुपारी वेचता वेचता काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं. आडोशाला जाऊन पाहिलं तर हाताला गोळा लागला.

रात्री आडवं झालं की तो आत जाई, दिवसभर उभं राहिलं की पुन्हा खाली येई. खोकलं, शिंकलं, भारा उचलला की लघवीचे थेंब सुटत. काकूंनी सासूला सांगितलं. सासू म्हणाली, “बाईच्या जातीले हे असतेच. माह्या मायलेही होतं. बोलाचं नाही.”

काकूंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, लंगोटासारखी कसून बांधली आणि कामाला लागल्या. वीस वर्षं त्या बोलल्या नाहीत. दर नवरात्रात पैनगंगा ओलांडून माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनाला जायच्या, ते बंद झालं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “देवीचं बोलावणं नाही.” एसटीनं कुठं जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. लग्नाच्या मांडवात त्या कडेला, दाराजवळ बसत.

मग घरात सून आली. वर्षभरात पाळणा हलला. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळ चांगलं वजनदार होतं, पोरगी तासन् तास जोर लावून थकली होती. चौथ्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की खोकला आला, पाण्याची कळशी कमरेवर घेतली, अगदी मोठ्यानं हसलं तरी कपडे ओले होतात. तिनं भीत भीत सासूला विचारलं, “आत्याबाई, तुम्हालाही असं व्हायचं का?”

काकूंच्या तोंडून सासूचंच वाक्य निघालं. “बाईच्या जातीले हे असतेच. बोलाचं नाही.”

सुनेनं हसणं सोडलं आणि पाणी पिणंही कमी केलं. पाणी कमी झाल्यावर लघवी दाट होऊन जळजळ सुरू झाली, शौचाला खडा होऊ लागला, कुंथावं लागू लागलं. कुंथण्याचा सगळा जोर पुन्हा त्याच दुबळ्या जागेवर. लपवण्यासाठी केलेल्या उपायानं दुखणं वाढतच होतं.

त्याच पावसाळ्यात मुलगा महामार्गावर मोटरसायकलवरून घसरला आणि त्याचा खांदा निखळला. खांदा बसवला, हात झोळीत राहिला, आणि झोळी निघाली तेव्हा हात वर जाईना. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. सून तान्ह्या बाळात अडकलेली, म्हणून पुसदला त्याच्यासोबत काकू जाऊ लागल्या. नागपूरला शिकून आलेली एक तरुण मुलगी तिथे छोटा दवाखाना चालवायची. पेशंट तिला मॅडम म्हणत.

पहिल्या दिवशी काकू कुरकुरल्या. “हात हालवाचे पैसे? हे तर घरीबी होते.” पण ज्याचा हात शर्टाच्या बाहीत जात नव्हता तो पोरगा महिन्याभरात फळीवरचा डबा काढू लागला. सुई नाही, गोळी नाही. थोडंसंच, पण रोज आणि नेमकं. काकू बाकावर बसून हे सगळं पाहत होत्या.

मॅडमही त्यांना पाहत होती. चहा आला की काकू नको म्हणत. खोकला आला की बाकाची कड धरून, मांड्या आवळून खोकत. तासाभरात तीनदा मोरी शोधत. एके दिवशी मॅडमनं त्यांना पडद्याआड बोलावलं आणि सरळ विचारलं, “काकू, खोकताना कपडे ओले होतात का?”

आयुष्यात हा प्रश्न इतका सरळ त्यांना कोणी विचारला नव्हता. ना नवऱ्यानं, ना कुठल्या डॉक्टरनं. हे एकट्या काकूंचं नव्हतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या होत्या. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ होत्या. दुखणं घरोघरी होतं, विचारणारं कोणी नव्हतं.

काकू म्हणाल्या, “नाही.”

मॅडमनं रेटलं नाही. “बरं. पण कधी झालं तर सांगा. त्याचाही व्यायाम असतो.”

त्या रात्री काकूंना झोप लागली नाही. देवाचा नवस असतो, वैदूचा काढा असतो, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन असते, हे त्यांना माहीत होतं. याचा व्यायाम असतो हे नवीन होतं. पुढच्या खेपेला मुलाला बाहेर बसवून त्या आपणहून पडद्याआड गेल्या आणि म्हणाल्या, “मले नाही. माह्या सुनेले होते.”

“त्यांना घेऊन या,” मॅडम म्हणाली. “आणि सोबत तुम्हीच या.”

आठवड्यानं दोघी आल्या. सून मान खाली घालून सगळं बोलली. तिचं सांगून झालं तशी काकू भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “आनं मलेबी. वीस वर्षं झाले.” सुनेनं मान वर करून सासूकडे पाहिलं. तिला राग आला होता, आणि तो येणं रास्त होतं.

मॅडमनं कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा टेबलावर ठेवला. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायू कसे ताणून बसवलेले असतात ते दाखवलं. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, आतड्याचं शेवटचं टोक, सगळ्यांचा भार त्यांच्यावर. लघवी आणि शौच धरून ठेवायचं कामही त्यांचंच. बाळंतपणात बाळाचं डोकं यांच्यातूनच वाट काढतं, तेव्हा यातले काही स्नायू तिपटीएवढे ताणले जातात. त्यातून सावरायला त्यांना वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही, वरून ओझी पडत गेली, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ असला, पाळी गेल्यावर अंगातला कस कमी झाला, की ते ढिले पडतात.

काकू बराच वेळ सांगाड्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे बाज सैल झाली.”

“अगदी तेच.”

“मंग बाज सैल झाली त आपण फेकून देतो का? पायथ्याची दोरी ओढून कसतो.”

“कसायची,” मॅडम म्हणाली, “पण आधी किती सैल झाली ते पाहायचं. दोरी तुटली असेल तर नुसतं ओढून भागत नाही.”

म्हणून व्यायामाआधी दोघींना तिनं यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला पाठवलं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी लघवी तपासली, साखर पाहिली, अंग किती खाली आलं ते पाहिलं. सुनेची जळजळ औषधानं जाणार होती आणि बाकीचा त्रास स्नायूंच्या दुबळेपणाचा होता. काकूंची गर्भपिशवी पार योनीच्या तोंडापर्यंत उतरली होती. डॉक्टर म्हणाल्या, “आत आधाराला सिलिकॉनची रिंग बसवू, सोबत व्यायाम करा. नाही भागलं तर ऑपरेशनचं बोलू.”

मग मॅडमनं शिकवायला घेतलं. उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो तसं आत आणि वर ओढायचं. जमेल तेवढा वेळ धरायचं, सुरुवातीला दोन-तीन सेकंद, पुढे वाढवत दहापर्यंत. जेवढं धरलं तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही. चालू लघवी अडवून सराव करायचा नाही. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, ओझं उचलण्याआधी आवळून घ्यायचं आणि उचलताना श्वास सोडायचा. पाणी पोटभर प्यायचं, शौचाला कुंथायचं नाही.

काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “हा व्यायाम बाईनं काढला का माणसानं?”

मॅडम हसली. “दोघांनी. इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिस नावाची बाई होती, आधी नर्तकी, मग फिजिओथेरपी शिकलेली. बाळंतिणींसाठीच्या व्यायामांवर तिचं पुस्तक १९३६ साली आलं. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला, तेव्हापासून जग याला केगेलचा व्यायाम म्हणतं. आपल्याकडे हठयोगात मूलबंध आहेच, कितीतरी जुना.”

“मंग आमाले कोनी काहून नाही सांगतला?”

याचं उत्तर मॅडमकडे नव्हतं. उपाय ठाऊक नव्हता असं नाही. कोक्रेन या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात जगभरचे प्रयोग एकत्र मांडले होते. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या बायांनी हा व्यायाम नीट शिकून केला, त्यांच्यातल्या ५६ टक्के जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं. न करणाऱ्यांत ते प्रमाण ६ टक्के होतं. अंग खाली आलेल्या बायांवरचा एक मोठा प्रयोग २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यातही व्यायाम शिकलेल्यांचा त्रास कमी झाला होता. उपाय होता, त्याची वाट गावापर्यंत आली नव्हती.

सुनेचं रोजचं ठरलं. बाळाला पाजताना एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा. कुणाला दिसत नाही, वेगळा वेळ लागत नाही. काकूंचं मात्र पहिले पंधरा दिवस चुकत होतं. श्वास कोंडून, पोट आत ओढून त्या असा जोर करत की तो वर जायच्या ऐवजी खालीच जाई. मॅडमनं तपासलं, चूक दाखवली, पुन्हा शिकवलं. पुढे लुगड्याची पट्टी सुटली. रिंगेनं आधार दिला, व्यायामानं जडपणा उतरला. हंडा सून आणि मुलगा आणू लागले.

शेजारणीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “कायले हा खटाटोप? पिशवी काढून टाक, कटकटच मिटते.”

असं म्हणणारी ती एकटी नव्हती. २०१९ मध्ये सरकारनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको, दुखण्याचा खाडा नको, असा हिशेब. काकू शेजारणीला म्हणाल्या, “गादी काढून टाकली म्हणून बाज कसली जाते का वो?” त्यांनी हे सहज म्हटलं, पण त्यात वैद्यकातलं खरं होतं. पिशवी गेली तरी खालचे स्नायू सैलच राहतात आणि पुढे बाकीचे अवयव उतरू शकतात. अंग पूर्ण बाहेर आलं, त्याला जखमा झाल्या, लघवी अडू लागली तर ऑपरेशन लागतंच, पण तेव्हाही डॉक्टर आधार टाके घालून नीट करतात, नुसती पिशवी काढून थांबत नाहीत.

इथवर काकूंचं बरोबर होतं. मग त्या गावाच्या डॉक्टर झाल्या.

विहिरीवर, वेचणीला, बचत गटाच्या बैठकीत, कोणी कमरेला हात लावला की काकू व्यायाम शिकवायच्या. त्यांच्या जावेला वेगळाच त्रास होता. बसलं की खाली दुखायचं, लघवीला बसलं तरी लवकर सुरू होत नसे. काकूंनी तिला सांगितलं, “तू दुप्पट कर.” तिनं दुप्पट केलं. आठवड्यात तिला बसवेना.

तिला पुसदला नेलं. मॅडमनं तपासलं आणि सांगितलं, “यांचे स्नायू सैल नाहीत, उलट आवळून बसले आहेत. सुटतच नाहीत. यांना आधी सोडायला शिकायचं आहे.” मग लांब श्वास, पोट मोकळं सोडणं, मांड्या सैल करणं, असा वेगळाच पाठ सुरू झाला. जाऊ हळूहळू बरी झाली, पण काकू ओशाळल्या.

मॅडम त्यांना म्हणाली, “काकू, तुमची गोष्ट सगळ्यांना सांगा. तुमचं औषध मात्र कोणाला देऊ नका. त्यांना इथं आणा.”

तीन महिने झाले. सून खोकली, शिंकली, बाळाला झेलताना खो खो हसली, कपडे कोरडे. चार महिन्यांचं दुखणं तीन महिन्यांत गेलं होतं. काकूंचं तसं झालं नाही. थेंब सुटणं पुष्कळ कमी झालं, दिवसभर उभं राहता येऊ लागलं, पण पिशवी होती तिथून पार वर गेली नाही. रिंग ठरलेल्या वेळी काढून धुवावी लागे, तपासणीला जावं लागे, आणि पुढे ऑपरेशन लागेल की नाही ते डॉक्टर दर खेपेला पाहून सांगत. एका संध्याकाळी काकूंनी मॅडमला विचारलं, “तिचं पुरं गेलं, माहं काहून नाही?”

“काकू, तुमचं अंग जास्त उतरलं होतं, हे एक. आणि त्यांनी चार महिन्यांत सांगितलं, तुम्ही वीस वर्षांनी.”

काकू म्हणाल्या, “म्या बी सांगतलं होतं. पह्यल्याच वर्षी. ज्या बाईले सांगतलं, तिलेबी कोनी गप बसाले सांगतलं होतं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आनं म्या सुनेले तेच सांगतलं.”

मार्गशीर्षात काकूंच्या लेकीचं डोहाळेजेवण होतं. उमरखेड, आर्णीकडून पाहुण्या आल्या होत्या. झोपाळा सजवला, फुलांची वाडी भरली, ओटी झाली, बर्फी की पेढा झालं. बाया जेवायला बसणार एवढ्यात काकू मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं विचारलं, “खोकताना, शिंकताना कोनाकोनाचे कपडे ओले होतात?”

आधी हशा झाला. एकीनं पदर तोंडाला लावला. विहीणबाई म्हणाल्या, “अहो, आजच्या दिवशी हे काय बोलणं?”

“आजच बोलाचं,” काकू म्हणाल्या. “उद्या हिचं बाळंतपण आहे. हा व्यायाम पोट असतानाच शिकली, त पुढं त्रास व्हायची भीती कमी राह्यते. म्या हिच्या दवाखान्याचा दिवस ठरवला आहे. ज्यायले यायचं त्यायनं संगं यावं. म्या सांगन काहीच नाही, मॅडम तपासून सांगन.”

कोणी हात वर केला नाही. पण जेवणं झाल्यावर भांडी घासताना एक पाहुणी काकूंजवळ सरकली, मग दुसरी. शेवटी विहीणबाईही आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या बहिणीसाठी विचारते.” काकूंना हे वळण ओळखीचं होतं. त्यांनी कुठली बहीण ते विचारलं नाही, फक्त गाडी किती वाजता निघणार ते सांगितलं.

तात्पर्य: बाळंतपणानंतर त्रास होणं लाजेचं नाही आणि तो बाईच्या जातीचा भोगही नाही. तो ज्या दिवशी सांगितला जातो त्या दिवसापासून त्याचा उपाय सुरू होतो, आणि जेवढी वर्षं लपवला जातो तेवढा उपाय अवघड होत जातो. म्हणून घरातल्या थोरलीनं धाकटीला गप्प बसायला शिकवू नये, विचारायला शिकवावं. आणि आपल्याला गुण आला तर दुसरीला आपलं औषध देऊ नये, तपासणाऱ्याचं दार दाखवावं.